‘रीपॅक’चा उतार : डोंगरी सायकलीच्या भागांचा इतिहास

डोंगरांना आणि वाटांना नांवें पडतात तीं बहुधा एखाद्या देवतेवरून, राजावरून, झाडावरून, नाहीं तर तेथें घडलेल्या लढाईवरून. दुरुस्तीच्या कामावरून नांव पडलेली वाट विरळाच. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, सॅन फ्रॅन्सिस्कोच्या उत्तरेस, मरिन परगण्यांत फेअरफॅक्स गांवाजवळ अशी एक वाट आहे. तिचें नांव ‘रीपॅक’. रीपॅक म्हणजे पुन्हां भरणें. आणि जें पुन्हां भरावयाचें तें दुसरें तिसरें कांहीं नसून सायकलीच्या मागील चाकाच्या हबमधील ग्रीस! ही वाट दोन मैलांहून किंचित् अधिक लांब आहे व तेवढ्यांत ती सुमारें १३०० फूट खालीं येते. एकदां कोणी ती सायकलीवरून उतरला, कीं हबमधील ग्रीस तापून त्याचा धूर होई, आणि पुढील खेपेपूर्वीं हब उघडून त्यांत नवें ग्रीस भरावें लागे. आज जगभर जिला माउंटन बाइक म्हणतात, आणि जिला आपण या भाषणापुरतें डोंगरी सायकल म्हणूं, तिचा जन्म याच परिसरांत झाला असें सामान्यतः मानलें जातें. श्रोतेहो, ज्या यंत्राची जन्मभूमिच दुरुस्तीच्या नांवानें ओळखली जाते, त्याचा इतिहास त्याच्या मोडलेल्या भागांवरून वाचावा, हेंच उचित नव्हे काय?

प्रथम त्या काळच्या सायकलींकडे पाहूं. १९७० नंतर मरिनमधील कांहीं तरुण मंडळी टॅमलपाइस पर्वताच्या आसपास मातीच्या रस्त्यांवरून वेगानें खालीं उतरण्याच्या छंदास लागली. चार्ली केली, गॅरी फिशर, जो ब्रीझ हे त्यांतील प्रमुख होत. शर्यतीची सायकल हलकी खरी. परंतु तिचे अरुंद टायर दगडगोट्यांपुढें टिकत ना. म्हणून या मंडळींनीं अडगळींतून व भंगारांतून जुन्या, जाड टायरांच्या सायकली उकरून काढल्या. शिकागो येथील श्विन कंपनीनें १९३३ सालीं दोन इंचांहून अधिक जाडीचे, हवेनें फुगलेले ‘बलून’ टायर सायकलींना बसविण्यास सुरुवात केली होती. त्या घराण्यांतील ‘एक्सेल्सिअर’ नांवाच्या सायकलीचा सांगाडा या लोकांना विशेष पसंत पडला. महायुद्धापूर्वीं जें वाहन मुलांना सपाट रस्त्यावर फिरण्यासाठीं घडविलें होतें, त्याच्यावर अशा रीतीनें चाळीस वर्षांनीं डोंगर उतरण्याची कामगिरी येऊन पडली.

या सायकलींना हातानें दाबावयाचा ब्रेक नसे. पॅडल उलटें रेटलें कीं मागील हबच्या पोटांतील धातूचे भाग परस्परांवर घासत आणि चाक थांबे. शाळेंत जाणाऱ्या मुलासाठीं ही योजना उत्तम होती. डोंगरावर मात्र तिची कठोर परीक्षा झाली. मनुष्य आणि सायकल मिळून शंभर किलो वजन धरलें, तर १३०० फूट खालीं येतांना जी शक्ति मोकळी होते, तिनें लिटरभर गार पाणी सहज उकळेल. तिच्यांतील कांहीं वांटा वाऱ्याशीं झुंजण्यांत आणि खाचखळग्यांत खर्च होतो; उरलेला सारा त्या मुठीएवढ्या हबला सोसावा लागे. मग ग्रीस जळून गेलें तर त्यांत आश्चर्य तें काय? २१ ऑक्टोबर १९७६ या दिवशीं या वाटेवर पहिली शर्यत झाली. ती अॅलन बाँड्स यांनीं जिंकली. आणि तीहि, असें सांगतात, इतर सारे वाटेंत पडल्यामुळें! पुढें गॅरी फिशर यांनीं हें अंतर चार मिनिटें बावीस सेकंदांत तोडून उच्चांक केला.

फिशर यांनीं आपल्या जुन्या सायकलीस गिअर बदलण्याची यंत्रणा बसविली, आणि टँडेम म्हणजे दोघांनीं चालवावयाच्या सायकलीचे ड्रम ब्रेक जोडले. ग्रीस जळण्याचें दुखणें अशा रीतीनें बरें झालें. परंतु यंत्राची प्रकृति मोठी खोडकर असते. एक भाग बळकट केला, कीं त्याच्यावरील ताण नाहींसा होत नाहीं. तो शेजारच्या भागावर जाऊन बसतो. ब्रेक सुधारले तसा वेग वाढला. वेग वाढला तसे पुढील चिमटे वांकूं लागले आणि जुन्या सांगाड्यांना चिरा पडूं लागल्या. तेव्हां जो ब्रीझ यांनीं १९७७ सालीं क्रोमियम व मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाच्या नळ्या जोडून, केवळ याच खेळासाठीं म्हणून एक नवा सांगाडा स्वतः घडविला. अशा दहा सायकली त्यांनीं केल्या. त्यांतील पहिली आज अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहीं आहे. सांगाडा नवा झाला. परंतु त्यावरील भाग मात्र कोणी मोटरसायकलीचा, कोणी टँडेमचा, कोणी दूरच्या प्रवासाच्या सायकलीचा, असे दहा घरचे पाहुणे होते. स्वतःचे असे भाग या सायकलीस अद्यापि मिळावयाचे होते.

ते मिळाले जपानांत. १९८१ सालीं ‘स्टम्पजंपर’ ही कारखान्यांतून मोठ्या संख्येनें निघालेली पहिली डोंगरी सायकल बाजारांत आली. तिची विक्री अमेरिकन स्पेशलाइझ्ड कंपनीनें केली, पण घडण जपानी होती. पुढच्याच वर्षीं ओसाकाजवळील साकाई शहरांतील शिमानो कंपनीनें ‘देओरे एक्सटी’ नांवाचा संच काढला. हब, ब्रेक, गिअर, पॅडलचे दांडे असे सारे भाग डोंगरी सायकलीसाठींच एकत्र योजिलेला हा आरंभींचा संच होय. ही कंपनी १९२१ सालीं स्थापन झाली आणि तिची पहिली वस्तु होती फ्रीव्हील. दंतचक्रें घडविणाऱ्या या लोकांनीं डोंगरी सायकलीचा खरा शत्रु बरोबर ओळखला. तो शत्रु म्हणजे धोंडा नव्हे. तो म्हणजे चिखल.

धोंड्याचा आघात दिसतो व ऐकूंहि येतो. चिखल मात्र चोरपावलानें येतो. सायकलीच्या चाकाच्या मध्यभागीं एक वाटी असते, तिच्यांत पोलादाचे छर्रे असतात आणि आंसावरील कोन त्या छर्ऱ्यांना जागच्या जागीं धरून ठेवतो. ग्रीस स्वच्छ असेल तर ही रचना वर्षानुवर्षें चालते. परंतु त्यांत बारीक रेती शिरली, कीं तेंच ग्रीस काच घासण्याच्या लुकणासारखें काम करूं लागतें. वाटीच्या गुळगुळीत अंगावर प्रथम ओरखडे, मग खळगे, आणि शेवटीं हाताला जाणवणारी घरघर, असा हा क्रम आहे. त्यावर उपाय म्हणून भागांच्या तोंडांशीं रबरी कडीं आलीं. कॅलिफोर्नियांतील फिल वुड यांची कंपनी तर १९७१ पासूनच सीलबंद बेअरिंगचे हब करीत होती. या बेअरिंगांत छर्रे, त्यांची धांव आणि ग्रीस हीं सारीं एका कड्यांत बंद असतात. डोंगरी सायकलवाल्यांना हे हब जणूं आपल्यासाठींच केले आहेत असें वाटलें.

येथें या इतिहासांतील पहिला मोठा सौदा झाला, आणि श्रोत्यांनीं तो नीट ध्यानांत घ्यावा अशी माझी विनंति आहे. वाटी-कोनाची रचना वारंवार काळजी मागते. पण ती दोन पान्यांनीं उघडतां येते आणि मूठभर छर्ऱ्यांनीं नवी होते. सीलबंद बेअरिंग काळजी मागत नाहीं. परंतु एकदां झिजलें कीं तें दुरुस्त होत नाहीं, दाबयंत्रानें काढून टाकून त्याच मापाचें दुसरें बसवावें लागतें. पहिली रचना हातावर विसंबते, दुसरी बाजारावर. दोहोंतील एक चांगली व दुसरी वाईट असें नाहीं. पण टिकाऊपणा हा शब्द आपण दोहोंस लावतों तेव्हां त्याचा अर्थ दोन ठिकाणीं निराळा होतो, एवढें खरें.

आतां आंसाची कथा घ्या. जुन्या पद्धतींत फ्रीव्हील हबच्या अंगावर आट्यांनीं बसविलेलें असे, आणि उजवीकडील छर्रे त्याच्या आंतल्या बाजूस राहत. दंतचक्रें एक होतीं तोंवर यांत बिघाड नव्हता. तीं पांच-सहा झालीं तेव्हां छर्ऱ्यांच्या बाहेर आंसाचा मोठा भाग निराधार लोंबकळूं लागला आणि डोंगरी सायकलींचे आंस वांकूं अथवा तुटूं लागले. लोकांनीं अधिक कठीण पोलाद वापरून पाहिलें. पण दोष पोलादाचा नव्हता, जागेचा होता. शिमानोनें १९७८ सालीं फ्रीहब ही निराळी रचना बाजारांत आणली होती. तींत फ्रीव्हीलची यंत्रणा हबचाच भाग झाली आणि उजवीकडील छर्रे थेट दंतचक्रांच्या खालीं, बाहेरच्या बाजूस सरकले. डोंगरी सायकलींनीं ही रचना उचलली आणि आंस मोडण्याचें प्रमाण एकदम ओसरलें. आधार कोठें असावा, याला द्रव्याहून अधिक महत्त्व आहे, हा स्थापत्याचा जुना धडा एका बोटभर जाडीच्या सळईनें पुन्हां शिकविला.

सारे धडे इतके गोड नव्हते. १९८६ च्या सुमारास कित्येक कारखानदारांनीं मागचा ब्रेक पॅडलच्या मागें, सांगाड्याच्या खालच्या नळ्यांस बसविण्याची नवी तऱ्हा काढली. कागदावर ती सुबक दिसत होती. पण चाकानें उडविलेला सारा चिखल नेमका तेथेंच येऊन सांचतो, आणि सायकल उलटी केल्यावांचून त्या ठिकाणीं हातहि नीट पोंचत नाहीं. थोड्याच वर्षांत ही तऱ्हा मागें पडली. तशीच गत १९९० च्या आसपास निघालेल्या, नकशीदार आणि रंगीत अॅल्युमिनियमच्या हलक्या भागांपैकीं पुष्कळांची झाली. पोलादावरचा ताण एका मर्यादेच्या आंत ठेवला तर तें जवळ जवळ अमर्याद वेळां तो ताण सोसतें. अॅल्युमिनियमला अशी निश्चित मर्यादा नाहीं. लहान लहान ताणांचा हिशेब तें मनांत ठेवतें आणि एके दिवशीं चुकता करतें. कीथ बाँट्रेगर या सायकल घडविणाऱ्या कारागिराचें एक बोलणें प्रसिद्ध आहे. त्याचा आशय असा, कीं मजबूत, हलकें आणि स्वस्त या तिहींपैकीं कोणतेंहि दोनच निवडा.

ब्रेकांचा पुढील इतिहास म्हणजे झीज एका जागेवरून दुसरीकडे नेण्याचा इतिहास आहे. रबरी ठोकळा चाकाच्या रिमवर दाबला, कीं ठोकळ्याबरोबर रिमहि झिजते. ओल्या चिखलांत ती विशेष जलद झिजते. आणि रिमची भिंत फार पातळ झाली तर टायरांतील हवेच्या दाबानें ती उमलून फुटते. म्हणजे ब्रेक लावण्यासाठीं आपण आपलें चाकच थोडें थोडें खर्च करीत असतों! डिस्क ब्रेकांनीं ही झीज हबजवळील एका चकतीवर नेली. चकती बदलणें सोपें, चाक बदलणें महाग. परंतु त्याबरोबर नळींतील द्रवाची नवी जबाबदारी आली. कांहीं ब्रेकांत खनिज तेल असतें, कांहींत मोटारींतल्यासारखा ब्रेक-द्रव. हा दुसरा द्रव हवेंतील दमटपणा शोषून घेतो व त्यामुळें त्याचा उत्कलनबिंदु खालीं येतो. म्हणून तो कालांतरानें बदलावाच लागतो. एकाच्या जागीं दुसरा घातल्यास आंतील रबरी कडीं फुगून ब्रेक निकामी होतात.

पुढील चिमट्यांत स्प्रिंग व तेल घालून धक्के शोषून घेण्याची योजनाहि अशीच आली. पॉल टर्नर यांच्या ‘रॉकशॉक्स’चा पहिला चिमटा १९८९ सालचा. १९९० सालीं कोलोरॅडोंतील ड्युरँगो येथें या खेळाची पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरली, आणि नंतर थोड्याच वर्षांत असा चिमटा नसलेली शर्यतीची डोंगरी सायकल दिसेनाशी झाली. या चिमट्यानें मनगटांना विसांवा दिला व चाकांचें आयुष्य वाढविलें. पण त्याच्या खालच्या नळ्यांतील तेल सुमारें ५० तासांच्या रपेटीनंतर बदलावें, असें स्वतः करणारेच सांगतात. जुन्या ताठ चिमट्याला असें कांहींच लागत नसे.

आतां चेनकडे येऊं. कारण खर्च वांचविण्याचें मर्म येथें आहे. चेन ताणली गेली असें आपण म्हणतों, तें खरें नव्हे. पोलाद लांबत नाहीं. प्रत्येक सांध्यांतील खिळा व त्याभोंवतालची बैठक झिजते, आणि शेंकडों सांध्यांची ती केसाएवढी झीज मिळून चेनची लांबी वाढते. मग चेनचें घर आणि दंतचक्राचा दांत यांचें माप जुळेनासें होतें, आणि चेन त्या दांतांना आपल्या मापाचे करूं पाहते. परीक्षा सोपी आहे. चेनच्या एका खिळ्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतचें अंतर अर्धा इंच असतें; म्हणून चोवीस घरें नव्या चेनमध्यें बरोबर बारा इंच भरतात. तींच बारा इंचांवर एक सोळांश इंच अधिक भरूं लागलीं, म्हणजे चेन बदलावी. एक अष्टमांश इंच होईपर्यंत थांबलांत, तर बहुधा दंतचक्रेंहि बदलावीं लागतील, आणि तीं चेनच्या कित्येक पट महाग असतात. गिअरांची संख्या पांच-सहावरून २०१२ सालीं अकरा व २०१६ सालीं बारा झाली, तसतशी चेनची रुंदी सुमारें सात मिलिमीटरांवरून सव्वापांचांवर आली. त्यामुळें तिला लहानसें वांकडेपणहि सोसत नाहीं, आणि ही मोजपट्टी पूर्वींपेक्षां अधिक उपयोगाची झाली आहे.

बाकीची निगा थोडक्यांत सांगतों. सह्याद्रींत जे लोक पावसाळ्यांत तांबड्या मातीच्या वाटांवर या सायकली चालवितात, त्यांना तर ही विशेष लागू आहे. सायकल धुवावी ती साध्या पाण्यानें. जोराच्या पिचकारीचा मारा हबवर करूं नये, कारण चिखल आंत येऊं नये म्हणून बसविलेलें रबरी कडें त्या दाबापुढें उघडतें आणि पाणी ग्रीसमध्यें शिरतें. चेन पुसल्यावांचून तिला तेल घालूं नये. चिखलावर तेल घालणें म्हणजे लुकण तयार करणें. तेल प्रत्येक सांध्यांत एक थेंब घालावें, आणि वरचें पुसून टाकावें. काम आंतल्या तेलाचें असतें, बाहेरच्या तेलास धूळ चिकटते. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागें-पुढें हलवावी. हँडलच्या बुडाशीं खडखड लागली तर तेथील कोन सैल आहे. तें तसेंच चालविल्यास छर्रे वाटींत खळगे पाडतात, आणि मग हँडल सरळ जागींच अडकूं पाहतें. पॅडलचे दांडे व हँडल पुसतांना केसासारखी चीर आहे काय, हें पाहावें. हें सारें करण्यास रपेटीनंतरचीं पंधरा मिनिटें पुरतात.

येथवरचा इतिहास ऐकून कोणी म्हणेल, ‘भाग सुधारत गेले, टिकूं लागले, मग तक्रार कशाची?’ तक्रार नाहीं, पण एक काळजी आहे. डोंगरी सायकलीचें चाक जवळ जवळ चार दशकें २६ इंची होतें. नंतर २९ इंची व साडेसत्तावीस इंची चाकें आलीं, आणि २०१५ च्या सुमारास नव्या चांगल्या डोंगरी सायकलींतून जुनें माप बहुतेक नाहींसें झालें. आंसांचीं, बेअरिंगांचीं आणि हँडलच्या नळ्यांचीं मापेंहि तशींच बदलत गेलीं. यांतील कित्येक बदलांनीं सायकल खरोखरच अधिक सुरक्षित आणि अधिक ताठ झाली, हें मान्य केलेंच पाहिजे. परंतु ज्याचा सांगाडा आणखी वीस वर्षें टिकेल अशी सायकल केवळ तिच्या मापाचा एक चांगला चिमटा किंवा चाक मिळत नाहीं म्हणून भिंतीला टेकून राहते, तेव्हां ती टिकाऊ होती असें म्हणावयाचें कीं नाहीं? वस्तु मोडत नाहीं, हा टिकाऊपणाचा अर्धा भाग झाला. मोडल्यावर ती उघडतां, समजतां आणि जुळवितां येते, हा उरलेला अर्धा. आणि तो कारखान्यांत नव्हे, दुरुस्तीच्या बांकावर ठरतो.

या बांकाचें माहात्म्य महाराष्ट्रास नवें नाहीं. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं १८८८ सालीं बेळगांवांत उद्योगास आरंभ केला तो सायकलींच्या दुकानापासून. त्याच हातांनीं पुढें लोखंडी नांगर घडविला आणि १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसविली. अमेरिकेंतील डेटन गांवीं राइट बंधूंनींहि विमानापूर्वीं सायकलींचीच दुकानदारी केली होती. मरिनची ती मंडळी याच परंपरेंतील. त्यांना हब उघडावा लागला नसता, तर तो कसा असावा हें त्यांना कळलें नसतें. आपल्या गल्लींतील सायकलवाला ट्यूब पाण्यांत बुडवून बुडबुडा शोधतो, तेव्हां तोहि तेंच करीत असतो.

म्हणून नवी डोंगरी सायकल घेतांना ती किती हलकी आहे आणि किती गिअरांची आहे हे दोन प्रश्न जरूर विचारावे. पण त्याबरोबर तिसराहि विचारावा : यांतील कोणते भाग मला, किंवा माझ्या गांवांतल्या कारागिराला, उघडतां येतील, आणि दहा वर्षांनीं त्यांचे सुटे भाग कोठें मिळतील? दुकानदाराला उत्तर देतांना थोडा वेळ लागला, तरी हरकत नाहीं. त्याच्या उत्तरावरून सायकल निवडणाऱ्याला ती पुष्कळ दिवस चालवितां येईल.